चढणीचा गिअर

दुसरा गिअर सटकतोय हे नवऱ्याच्या आधी तिला कळलं होतं.

ऐकायची तिला खोडच होती. लेक ठकी झोपली की तिच्या नाकाशी कान नेऊन श्वास ऐकायचा, कुकरची शिट्टी व्हायच्या आधीच दचकायचं, आणि सकाळी नवरा मोटरसायकलला दुधाचे कॅन लावून निघाला की त्या आवाजामागे मनानं चालत राहायचं. खालच्या वस्त्यांवरचं दूध गोळा करून चढण चढायची, पाण्याच्या टाकीला वळसा घालून पलीकडच्या संकलन केंद्रावर पोचवायचं, हे त्याचं काम. टाकीपाशी चढ संपला की आवाज एकदम हलका व्हायचा. तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडायचा आणि चहाचं आधण चुलीवर चढायचं.

गेले काही दिवस तो आवाज मध्येच तुटत होता. गुरगुरत चढणारी गाडी अर्ध्यावर आल्यावर दावं तोडलेल्या जनावरासारखी मोकळी ओरडायची आणि मग पुन्हा धरायची.

"अहो, दुसरा गिअर सटकतोय," ती म्हणाली.

"तुला इथे बसून गिअर दिसतो होय?"

"ऐकू येतो."

"आई, ऐकलंस का? सून बीएस्सी झाली ती गाडीच्या आवाजात."

सासू कण्या पाखडत होती. "बाळाचा ढेकर ऐकून दवाखान्यात पळते, तिथे गाडीचं काय घेऊन बसलास," ती म्हणाली आणि सूप आपटलं. दोघं मायलेकं हसली. तीही हसली. पण त्या दिवसापासून चढणीच्या वेळी ती अंगणात येऊन उभी राहायला लागली.

म्हणूनच तो पडल्याचं तिला सगळ्यांत आधी कळलं. आवाज तुटला, पुन्हा धरला नाही. मग पत्र्याचा गडगडाट.

ठकीला सासूच्या मांडीवर टाकून ती धावली. चढणीच्या मध्यावर गाडी आडवी पडली होती, मागचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. दूध रस्त्यावरून ओघळून खाली येत होतं. कुत्री गोळा झाली होती. तो काठाच्या दगडावर बसून उजवं मनगट डाव्या हातानं धरून होता आणि वेदनेपेक्षा दुधाकडेच बघत होता.

"गिअर सटकला," तो म्हणाला. "मागं यायला लागली. ब्रेक दाबला तर आडवी झाली."

'मी सांगत होते' हे वाक्य तिच्या जिभेवर होतं, ते तिनं गिळलं. त्याला ते ऐकू आलंच असावं, कारण त्यानं मान खाली घातली.

मनगटाला प्लास्टर चढलं. संध्याकाळी केंद्राचा सेक्रेटरी समाचाराला आला. चहा प्यायला, ठकीच्या गालाला हात लावला आणि उठता उठता म्हणाला, "सोमवारपर्यंत टेम्पोवाला उचलेल दूध. सोमवारनंतर मला तरी कुठे थांबता येतंय? तो म्हणतो, दुधाची लाइन द्यायची तर कायमची द्या."

"हात महिनाभर गळ्यात," नवरा म्हणाला.

"तेच म्हणतोय मी. हाताचं जाऊ दे, गाडी तरी आहे का? गाडी असली तर चालवणारा कोणी बघता येतो."

ही लाइन गेली की नवऱ्याला रोज सकाळी दुसऱ्याच्या टेम्पोवर कॅन चढवायला जावं लागणार होतं. तेही बोलावलं तर.

सकाळी तिनं ठकीला कडेवर घेतलं आणि मिस्त्रीकडे गेली. त्याच्या गॅरेजात पाय ठेवायला जागा नव्हती. तो एका गाडीखाली झोपला होता. बाहेर आलाच नाही. खालूनच बोलला.

"गिअर सटकतो म्हणजे पूर्ण इंजिन खोलायचं. खाली उतरवून, दोन फाका करून. माझ्याकडे रांग आहे, वहिनी. पंधरवडा धरा."

"सोमवारी पाहिजे."

"मग दुसरीकडे बघा."

दुसरीकडे म्हणजे कुठेच नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. ती उभी राहिली. रात्री फोनवरच्या व्हिडिओत बघितलेलं तिला आठवलं. बाकड्यावर बसलेली दोन माणसं तिच्याकडे आणि ठकीकडे आळीपाळीनं बघत होती.

"मॅग्नेट काढायचा पुलर द्याल का? आणि क्लचचा पाना?"

आता मिस्त्री बाहेर आला. "कोण खोलणार?"

"घरीच."

बाकड्यावरचा एक जण खोकल्यासारखा हसला. "त्याचा हात तर गळ्यात आहे. म्हणजे वहिनीच की!"

मिस्त्रीनं भिंतीवरून पुलर काढला, फडक्यात गुंडाळला आणि तिच्या हातात ठेवताना म्हणाला, "न्या. पण एक ऐकून ठेवा. दुसऱ्यानं खोललेलं इंजिन मी बांधत नाही. पोत्यात तुकडे भरून आणाल तर मी हात लावणार नाही. राग मानू नका, धंद्याची रीत आहे."

वाटेत तिच्या मनात तेच घोळत होतं. एकदा उघडलं की मागं फिरायची वाट बंद. कडेवरची ठकी मात्र पुलर चाटायला बघत होती.

"कुकरचं झाकण उघडताना हिला घाम फुटतो," सासू म्हणाली, "आणि ही इंजिन उघडणार! हात दाखवून अवलक्षण. राहिलीसाहिली गाडीपण जाईल."

"गाडी आत्ताही गेल्यातच जमा आहे, आई."

नवरा पडवीत बसून होता. त्याच्या सदऱ्याची बटणं सकाळी तिनंच लावली होती आणि तेव्हापासून तो कोणाशी धड बोलला नव्हता. आता तो उठला, पायानं पाना तिच्याकडे सरकवला. "मिस्त्रीला खोलताना मी बघितलंय," तो म्हणाला. "केलं कधी नाही. आधी ऑइल काढ. घमेलं घे."

"ते नको, ते माझं धान्याचं आहे," सासू आतून ओरडली.

दुसरं घमेलं आलं. काळं ऑइल निघालं, त्यात चंदेरी कण चमकत होते. त्यानं बोटावर घेऊन चोळून पाहिलं. "दात झिजतायत," तो म्हणाला. "हे त्याचंच पीठ."

इंजिनचे बोल्ट सैल केले आणि ते पाटावर उतरवायला तिघं लागली: ती, सासू आणि एका हाताचा तो. "वजन तर दोन पोरांचं आहे," सासू धापा टाकत म्हणाली आणि तिनंच पाटाखाली गोणपाट सरकवलं.

मग काम सुरू झालं. तो सांगायचा, ती करायची. काही नट असे बसले होते की पाना घसरून तिची बोटं सोलवटली. तो चिडायचा, "अगं, उलटा नाही, सुलटा!" आणि लगेच डाव्या हातानं दाखवायला जायचा, ते जमायचं नाही, मग आणखी चिडायचा. फोनवरच्या व्हिडिओतला माणूस सगळं अशा सफाईनं काढायचा, जणू शेंगा सोलतोय. आणि नेमकं पाहायचं तिथे त्याचा अंगठा आडवा यायचा.

इंजिनच्या बगलेचं जड चाक, ते मॅग्नेट, मुळीच हलेना. पुलर लावला, पिळला, हातोडी मारली. घामानं तिचे केस कपाळाला चिकटले. ठकी दाराला बांधलेल्या झोळीतून "ए, ए" करत होती.

"राहू दे," नवरा म्हणाला.

"राहू देऊन काय करू?" तिनं आणखी अर्धा आटा पिळला आणि सगळं अंग टाकून एक घाव घातला. टण्ण! मॅग्नेट तिच्या मांडीवर येऊन पडलं. ती कुकरच्या शिट्टीला दचकते तशी दचकली, आणि मग अपघातापासून पहिल्यांदाच हसली.

इंजिनच्या दोन फाका सोडवायला लाकडी हातोडी हवी होती. ती कुठली असायला? सासूनं धुण्याची मोगरी आणून दिली, न मागता. "फुटली तर नवी घ्यायची," एवढंच म्हणाली. कडेनं मोगरीचे घाव घालत गेल्यावर फट पडली, वाढली, आणि आतलं उघडं झालं. दोन दांड्यांवर ओवलेली दातेरी चाकं एकमेकांत बोटं गुंतवून बसली होती.

दोघंही खाली वाकून बघायला लागली. तो रोज पायानं तुडवत होता ते हे.

एकेक तुकडा काढून ती जुन्या लुगड्यावर मांडत गेली. डावीकडून उजवीकडे, निघाला तसा. चाक, पातळ चकतीसारखा वायसर, लॉक, चाक. फोटो काढायचं मनात आलं तेव्हा हात कोपरापर्यंत तेलात होते. शिवाय मांडून ठेवलेलं पळून कुठे जातंय? तिनं तुकड्यांवरून नजर फिरवली. आणि दोष सापडला. दुसऱ्या गिअरच्या चाकाची पकडायची चौकोनी टोकं गोल झाली होती, आणि त्याला ढकलून धरणारा चिमट्यासारखा फोर्क एका बाजूनं झिजून निळा पडला होता.

"हे बघा," ती म्हणाली. "हा धरायचा, आणि तो निसटायचा."

त्यानं तो फोर्क डाव्या हातात घेतला. "इतक्यासाठी," तो म्हणाला आणि प्लास्टरकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी चाक आणि फोर्क ठकीच्या जुन्या दुपट्यात गुंडाळून ती एसटीनं बाजारगावी गेली. स्पेअरच्या दुकानदारानं तिच्या डोक्यावरून मागच्या गिऱ्हाइकाकडे बघितलं.

"ताई, मिस्त्रीला फोन लावून द्या. पार्ट चुकला की परत घेत नाही मी."

"मिस्त्री मीच आहे. बोला."

त्यानं तिच्या नखांकडे पाहिलं. मग काही न बोलता आत गेला आणि खोकी घेऊन आला. तिनं नवं चाक जुन्याला लावून दातन् दात पडताळला. त्याला घाई होती, तिला नव्हती. "फाकांमधलं पॅकिंगपण द्या," ती म्हणाली. "आणि सील."

ऊन कलताना ती घरी परतली. पडवी स्वच्छ झाडलेली होती. नवरा गोळीच्या गुंगीत झोपला होता. आणि लुगड्यावर...

लुगडंच नव्हतं. पाटावर सगळे तुकडे लखलखत होते. साबणानं घासून, पुसून, एकावर एक रचून. मोठी चाकं खाली, लहान वर, वायसरची एक उतरंड, पिना वाटीत. सासू रोज भांडी रचते तशी देखणी मांडणी.

"ठकी तिथेच रांगते," सासू कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाली. "एवढं तेलकट, काळं. मी म्हटलं, पोरीच्या हाताला लागेल. दुपारभर घासत होते. आता कसं आरशासारखं झालंय!"

सून मटकन उंबऱ्यावर बसली.

"काय झालं?"

"आई, ते ओळीनं ठेवलं होतं."

"मीपण ओळीनंच ठेवलंय."

नवरा जागा झाला, बघितलं आणि ओरडला. इतका की शेजारीण कुंपणावरून डोकावली. सासूचा चेहरा आधी गोंधळला, मग पडला. पदरानं हात पुसत ती कोपऱ्यात जाऊन उभी राहिली; ते ओले, सुरकुतलेले हात काही केल्या पुसून होईनात.

"ओरडू नका," ती नवऱ्याला म्हणाली. "ओरडून ओळ लागणार आहे का?"

तिनं ठकीला पाजलं. पाजताना ती त्या उतरंडीकडे बघत राहिली. चाकांची ओळ व्हिडिओतून लागली असती. पण वायसर? ते तर सगळे एकाच मापाचे वाटत होते, आणि प्रत्येकाची जागा वेगळी. ऊन पडवीत तिरपं आलं होतं आणि सगळ्यांत वरच्या वायसरवर एक बारीक गोल चमकत होता. घासून आलेली चकाकी नव्हे, आत रुतलेली.

तिनं ठकीला खांद्यावर टाकलं आणि वायसर उचलला. एका अंगानं तो खरखरीत होता, दुसऱ्या अंगावर घासल्याचा गोल वण. तिनं एकेक चाक उचलून पाहिलं. तिसऱ्या चाकाच्या बगलेवर नेमका तेवढाच वण होता. ठेवला, तर जागेवर बसला.

"आई, इकडे या."

"मी नाही आता हात लावत बाई."

"या हो. डोळे नकोत, बोटं पाहिजेत. हा कुठल्या अंगानं गुळगुळीत आहे?"

सासूनं अंगठा फिरवला. तिनं आयुष्यभर राखेनं भांडी घासली होती. कुठे पोचा आहे, कुठे काजळी राहिली, तिला न बघता कळायचं. "या अंगानं," ती म्हणाली. मग चाचरत, "पण हे मी घासून गुळगुळीत केलेलं नाही हं."

"माहितीये," ती म्हणाली, आणि नवऱ्यालासुद्धा हसू फुटलं.

सकाळी पुन्हा बैठक बसली. सून बघायची, सासू चाचपायची, नवरा व्हिडिओ पुढे-मागे करायचा. इतके दिवस शेजारी शेजारी राहून या तुकड्यांनी एकमेकांच्या अंगावर खुणा करून ठेवल्या होत्या. दांडी भरत आली. शेवटी टोकाजवळ एक चकचकीत पट्टा उरला, वायसरच्या जाडीचा. आणि पाटावर वायसर नव्हता.

वाळत घातलेलं लुगडं झटकलं. वाटी पालथी केली. पाट उचलला. मग तिघांची नजर एकदमच ठकीकडे गेली. ठकी भिंतीला धरून उभी होती आणि काहीतरी चघळत होती.

सुनेनं झेप घालून पोरीचं तोंड उघडलं, बोट घातलं. चिंधीचा तुकडा निघाला. ठकीनं भोकाड पसरलं. पण काल? काल दुपारी? ती पोरीच्या पोटाला कान लावून बसली, जणू आत लोखंड वाजेल.

"सकाळी नीट दूध प्यायली का?" नवऱ्यानं विचारलं. त्याचाही आवाज बदलला होता.

"प्यायली."

"मग?"

"मग काय! मला काय माहीत!" ती ओरडली. "गाडी जाऊ दे खड्ड्यात. दवाखान्यात चला."

सासू कधी उठली कोणाला कळलं नाही. मोरीतून खरवडल्याचा आवाज आला. दोघं जाऊन बघतात तर सासूनं मोरीची जाळी उचकटली होती आणि भोकात दंडापर्यंत हात घातला होता. गाल फरशीला टेकला होता. आधी केसांचा गुंता आला, मग साबणाचा लगदा, मग काळा चिखल. सासूनं चिखल बोटांत चुरला. आणि बोटं थांबली.

"घासले मी," ती तशीच आडवी पडून म्हणाली. "हरवलं असतं तर मीच हरवलं असतं. पोरीवर कशाला आळ?"

तिच्या चिमटीत वायसर होता.

सुनेनं तो धुतला. सासूचा हात धुतला. मग ठकीला छातीशी धरून थोडं रडून घेतलं, आणि पाटावर येऊन बसली.

दुपारी इंजिनच्या फाका जुळवल्या, बोल्ट आवळले. दांडी फिरवून पाहिली. फिरेना.

नवऱ्यानं डोळे मिटले. सासूनं मोगरी पुढे केली.

पुन्हा उघडलं. नवं पॅकिंग फाटू नये म्हणून तिनं ते सुरीच्या पात्यानं तसू तसू सोडवलं. चूक तिचीच होती. रडून झाल्यावर घाईत तिनं एक चाक उलट्या तोंडानं ओवलं होतं. "या वेळी मी," ती म्हणाली.

"चला, फिटंफाट," सासू म्हणाली.

दुसऱ्यांदा जुळवल्यावर दांडी सुळकन फिरली. त्यानं डाव्या हातानं गिअर टाकत नेले. पहिला. दुसरा. तिनं कान जवळ नेला. खट्. दार नीट लागल्यावर येतो तसा आवाज. "पुन्हा," ती म्हणाली. खट्.

रविवारी इंजिन चढलं, ऑइल भरलं. किक मारून मारून तिची पोटरी भरून आली. गाडी नुसती खोकायची. मग प्लगची टोपी बसलेलीच नाही हे नवऱ्याच्या लक्षात आलं आणि त्यानं कपाळावर हात मारला, नेमका प्लास्टरचा. पुढच्या किकला गाडीनं धुराचा लोट सोडला आणि सुरू झाली. ठकी घाबरून सासूच्या मानेत शिरली.

"आता चालवणार कोण?" सासूनं विचारलं. "त्याला तर नुसती मूठ पिळता येत नाही."

कॉलेजात असताना ती भावाच्या गाडीवर शिकली होती. लग्नानंतर हात लावला नव्हता. संध्याकाळी तिनं रिकामी गाडी वस्तीच्या रस्त्यावर फिरवून आणली, वळणावर एकदा पडता पडता वाचली.

"टेम्पोवाल्याला हो म्हणू का?" नवऱ्यानं विचारलं. टोमणा नव्हता. त्याला खरोखर भीती वाटत होती. आजवर ती एकटीच भ्यायची.

"कॅन अर्धे अर्धे भरू," ती म्हणाली. "लागलं तर दोन खेपा करीन."

सोमवारी उजाडताना वस्त्यांवरचं दूध घरीच आणून घेतलं आणि कॅन लागले. दोरी त्यानं दातानं आवळली. सासूनं ठकीला कडेवर घेतलं.

पहिल्यावर गाडी निघाली. चढणीच्या पायथ्याला तिनं दुसरा टाकला. कॅन दोन्हीकडून डचमळत होते, गाडी हत्तीसारखी हलत होती. डावी बोटं क्लचवर तयार. नवरा पडला होता ती जागा जवळ आली. डांबरावर अजून पांढुरका डाग होता. आता सटकेल. आता. तिनं मूठ पिळली. गाडी गुरगुरली. धरून राहिली. डाग चाकाखालून मागं गेला, वळण गेलं, आणि टाकीपाशी चढ संपून आवाज एकदम हलका झाला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की ती मोठ्यानं बडबडत होती: धर, धर, धर. ठकीला चालायला शिकवताना म्हणते तसं.

केंद्रावर सेक्रेटरी दारात उभा होता. टेम्पोवालाही.

"हा कुठंय?"

"घरी. कॅन उतरवा, मला दुसरी खेप आहे."

"गाडी कोणी बांधली?"

तिनं हँडलवरची आपली काळी नखं बघितली. "घरी बांधली," ती म्हणाली. सेक्रेटरीनं टेम्पोवाल्याकडे पाहून खांदे उडवले आणि कॅनला हात घातला.

परत आली तेव्हा नवरा दुसऱ्या खेपेचे कॅन डाव्या हातानं ओढत अंगणाच्या कडेला आणत होता. सासू मात्र आत नव्हती, चुलीपाशी नव्हती. अंगणाच्या टोकाला, जिथे ती स्वतः रोज उभी राहायची तिथेच, ठकीला घेऊन उभी होती. तोंड चढणीकडे, मान जराशी कललेली.

गाडी बंद केल्यावरही सासू क्षणभर तशीच राहिली. मग वळली.

"टाकीपर्यंत आवाज तुटला नाही," ती म्हणाली. "जा दुसरी खेप घेऊन. आल्यावर चहा टाकते."